मागच्याच्या हातातली मोजणी

चेनमनकाकांना रस्त्यात कुणी "जयभीम काका" म्हटलं, तर त्यांचा जयभीम परत यायला बराच वेळ लागे. ते आपल्याच चालीनं पुढं निघून जात. ओठ हलत असत, नजर चार हातांवरच्या जमिनीवर असे. आपण मनात म्हणावं, सरकारी नोकरीनं माणूस फुगला. तेवढ्यात तीस-चाळीस पावलांवर ते थांबत, वळत, हात जोडत आणि सावकाश म्हणत, "जयभीम पोरा. शंभर पुरे होऊ देले." एकदा पाऊल सुटलं की त्यांची मोजणी सुरू होई आणि शंभराच्या अधेमधे ते कुणासाठीही थांबत नसत. इंझोरीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. नव्या सुनासुद्धा दोन-चार दिवसांत शिकत आणि नमस्कार करून उत्तर येईपर्यंत तिथंच उभ्या राहत.

मोजणी खात्यात ते चेनमन होते, म्हणजे सर्व्हेअरसाहेबाबरोबर गावोगाव हिंडून शेतात साखळी ओढणारे. साखळी दोघं ओढतात. पुढचा तो आगाडी, मागचा तो पिछाडी. आगाडीवाला साखळी ताणतो आणि टोकाशी एक लोखंडी सळई रोवतो. पिछाडीवाला तिथवर पोचला की ती सळई उपटून हातात घेतो. शेताच्या शेवटी मागच्याच्या हातात जेवढ्या सळया, तेवढ्या साखळ्या. पुढचा काही का म्हणेना, साहेब लिहितो ते मागच्याच्या हाताकडं पाहून. काका वीस वर्षं पिछाडीला होते. हे मी इथंच सांगून ठेवतो, कारण मला स्वतःला त्याचा अर्थ लागायला फार उशीर झाला.

आमच्या बौद्धपुऱ्यातून सरकारी खात्यात लागलेला तो पहिला माणूस. खाकी अर्धी पँट, टायरच्या चपला आणि मोटेच्या दोरासारख्या पिळदार पोटऱ्या. शनिवारी संध्याकाळी तालुक्याहून पायीच घरी येत. ज्या गावी जमीन मोजायला जात तिथले मोठमोठे शेतकरी त्यांच्या मागंपुढं करत, कारण शेताचा धुरा, म्हणजे बांध, हातभर इकडं की तिकडं हे साखळीवर ठरायचं. एकदा चालता चालता मला म्हणाले, "ज्या धुऱ्यावर माह्या बापाले उभं राहू देत नोते, तो धुरा कुठी हाये हे आता मले इचारा लागते." मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. "अन् मी बरोब्बर तोच सांगतो. तिथं बेइमानी केली त मंग त्यायच्यात अन् माह्यात फरक काय राह्यला?"

त्र्याहत्तरची दिवाळी झाली आणि फॉरेस्ट गार्डची भरती निघणार अशी बातमी गावात आली. मॅट्रिक होऊन घरी बसलेली आम्ही सात पोरं होतो. अट एकच अवघड होती, चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचं. काका किलोमीटर मानत नसत. त्यांनी बोटांवर हिशेब करून सांगितलं, "सोळा मैल धरून चाला. पंधरा झाले त घरी बसा." मग स्वतःच म्हणाले, "अभ्यास मले येत नाही. चालणं येते. आयतवारी सकाळी चिचेखाली या." आमच्या गावाबाहेर एक जुनी चिंच होती. पहिल्या रविवारी तिच्याखाली आम्ही सातही जण हजर झालो आणि काकांची पलटण सुरू झाली.

तिथं त्यांनी सर्वांत आधी आमचे पाय पाहिले. शाळेत नखं पाहतात तसे एकेकाचे तळवे उलटवून. कुणाला एरंडीचं तेल लावायला सांगितलं, कुणाच्या नव्या कोऱ्या चपला काढून चिंचेच्या फांदीवर टांगल्या. मग जमिनीवर रेघ मारून प्रत्येकाला शंभर पावलं चालायला लावली, एकदा नाही, तीनदा. शंभरावर जिथं पाय पडे तिथं ते खडा ठेवत. माझे तीन खडे तीन ठिकाणी पडले. एक तर पार बोरीच्या झुडपात गेला. गजाननचे तिन्ही खडे एका टोपलीखाली झाकता आले असते.

हा गजा माळीपुऱ्यातला. नाल्याकाठी त्यांची बाग होती. कळत्या वयापासून तो डोक्यावर टमाट्यांचं टोपलं घेऊन बाजाराला जाई. पाऊल हललं की खालचे टमाटे फुटत आणि बाप बोलत असे. त्यामुळं त्याचं पाऊल देवानं नव्हे, बापानं घडवलं होतं. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा आगाडी." मग माझ्याकडं वळले. "उत्तम, तू पिछाडी."

"काहून?" मी विचारलं. मी पळण्यात शाळेत पहिला होतो. शिवाय काका आमच्या पुऱ्यातले, आमच्या घरासमोरचे. माझी आई त्यांना भाऊ मानत होती. पुढची जागा कुणाला द्यायचीच असेल तर ती मला, हे मी घरून निघतानाच धरून चाललो होतो.

"तुहं पाऊल तुह्या मनासंग लहानमोठं होते," काका म्हणाले. "खूश झाला का लांब, रुसला का आखूड. आता पाह्य, आखूड पडून राह्यलं." सगळे हसले. गजासुद्धा हसला. त्या हसण्यापासून माझ्या पोटात जे पेटलं ते पुढं पाच-सहा वर्षं विझलं नाही. मला गजाचा हेवा वाटे. सरळच सांगतो, कारण या वयात ते लपवण्यात काही अर्थ नाही.

पलटणीची रीत काकांनी आपल्या धंद्यातूनच काढली होती. तुराटीच्या हातभर लांब वीस काड्या, प्रत्येकीच्या टोकाला लाल चिंधी. त्यांचा भारा गजाच्या काखेत. त्याच्या उजव्या खिशात वीस चिंचोके. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. वीस चिंचोके सरले की झाला मैल, आणि तिथं वाटेच्या कडेला एक काडी रोवायची. मी सगळ्यांच्या मागून यायचं आणि काड्या उपटत जायचं. काका माझ्याबरोबर मागं, मनगटावर घड्याळ, गळ्यात शिट्टी. चार तास झाले की शिट्टी वाजे. मग माझ्या हातात जेवढ्या काड्या, तेवढे मैल.

वाटा ते सडकेच्या निवडत नसत. गाडवाट, पायवाट, टेकडीची सोंड, सागाचं रान, पुन्हा चढण. "डोंगरात सोळा झाले त सडकेवर पाय आपोआप धावतीन," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या महिन्यात आम्ही अकरा काड्यांच्या वर गेलो नाही. मधल्या पाच जणांतले दोन पोळा-दिवाळीच्या पाहुण्यांसारखे कधी येत, कधी येत नसत. होळीपर्यंत मात्र आम्ही पंधरावर आलो आणि मग एका रविवारी सोळा झाल्या. काकांनी काड्या दोनदा मोजल्या आणि गजाची पाठ थोपटली. काड्या मी आणल्या होत्या. मीही तेवढाच चाललो होतो, वर प्रत्येक काडीशी वाकलो होतो. माझ्या पाठीला कुणी हात लावला नाही.

काका आठवडाभर मोजत, रविवारी मात्र मोजत नसत. "आज गजा मोजते. मी मोकळा," असं म्हणत आणि चार तास बोलत राहत. दम लागणं त्यांना माहीत नव्हतं. मी हं-हं करत चाले. कोणत्या गावात विहिरीच्या वादात दोन भाऊ साखळीवरच येऊन बसले, कोणत्या साहेबाला सापाची भीती होती आणि तो झाडावरून नकाशा काढे, काकू गेली त्या दिवशी ते कुठल्या शेतात साखळीचं टोक धरून उभे होते आणि निरोप येऊनही शेवटची सळई उपटल्याशिवाय कसे हलले नाहीत. "हललो असतो त मोजणी पुन्हा करा लागली असती," ते म्हणाले आणि त्यानंतर दोन मैल काहीच बोलले नाहीत. मी हे सगळं ऐकत होतो, पण माझं अर्धं लक्ष पुढं असे. झाडांतून गजाचा पांढरा सदरा दिसे, नाहीसा होई, पुन्हा दिसे. मला ती जागा हवी होती.

त्याच्या चांगुलपणाचाही मला राग येई. एकदा चैत्राच्या उन्हात आम्ही एका मळ्याच्या विहिरीवर थांबलो. मळेवाला म्हातारा गजाच्या नात्यातला निघाला. त्यानं गजाला लोटा भरून दिला आणि आम्हाला ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतू लागला. गजानं लोटा तसाच खाली ठेवला आणि आमच्या ओळीत येऊन ओंजळ पुढं केली. म्हातारा खजील झाला. काका पाणी न पिताच पुढं निघाले. पुढच्या मैलात मला हळूच म्हणाले, "पोरगं बरं हाये. पण ओंजळ करून काय होते? लोटा मागाले पायजे होता, सगळ्याईसाठी." खरं सांगू, गजाला काही तरी उणं निघालं म्हणून मला दिवसभर गुदगुल्या होत होत्या. लोट्याचा राग मला आलाच नाही, तो पुढं कित्येक वर्षांनी आला. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून गजा काकांना जयभीम घालू लागला होता, तेही मला खुपलं होतं. जयभीम तरी आमचा होता.

मग रामनवमी आली. त्या रविवारी आम्ही पोहरादेवीच्या बाजूला निघालो होतो. वाटेनं यात्रेकरूंची रीघ लागलेली. गजानं आपल्या नियमानं काड्या रोवल्या. मागून येताना मला तीन काड्या सापडेनात. थोड्या अंतरावर बंजाऱ्यांच्या तांड्यातली एक म्हातारी चालली होती आणि तिच्या गाठोड्यातून आमच्या लाल चिंध्या डोकावत होत्या.

"आजी, त्या काड्या आमच्या हायेत," मी म्हणालो.

"तुमच्या कशा?" म्हातारी थांबलीसुद्धा नाही. "रस्त्यानं लाल निशाण लागलं, थे देवीचं. मी देवीले नेऊन राह्यली."

मी काकांकडं पाहिलं. काका म्हणाले, "जाऊ दे. देवीचं म्हणते त देवीचं." आमच्या तीन तुराट्या अशा पोहरादेवीला पोचल्या. शिट्टी वाजल्यावर काकांनी विचारलं, "हातात किती?" मी म्हणालो, "तेरा." काका म्हणाले, "मंग तेरा."

"पण काका, मी सोळा लावल्या ना," गजा म्हणाला. "त्या बाईनं नेल्या."

"साहेब बाई लिहीत नाही. मागच्याच्या हातात पाह्यते अन् लिहिते. मोजणी मागच्याच्या हातातली खरी." सगळे पोट धरून हसले, गजाही हसला. मी हसलो नाही. मला एक नवीच गोष्ट कळली होती. गजा किती का चालेना, तो किती चालला हे माझ्या हातात होतं.

पुढच्या रविवारी काकांनी नव्या काड्या घालून भारा पुन्हा विसाचा केला. नवव्या मैलाची काडी मी उपटली, मोडली आणि सदऱ्याच्या आत घातली. काका तेव्हा चपलेचा पट्टा बांधायला मागं वाकले होते. शेवटी मी पंधरा काड्या पुढं केल्या. गजानं आपला भारा पाहिला. त्यात चारच उरल्या होत्या. विसातून चार उरल्या म्हणजे सोळा लावल्या, हे त्याला कळत होतं, पण नियमही कळत होता. तो माझ्याकडं शंकेनं पाहील म्हणून मी मनाची तयारी केली होती. तो माझ्याकडं पाहतच नव्हता. वाटेकडं पाहत होता. "भाऱ्यातून एखादी गळाली असन," तो म्हणाला. "माहीच गळाली असन, काका." काकांनी घड्याळ पाहिलं. "काड्या पंधरा, येळ चार तास," एवढं म्हणाले आणि शिट्टी खिशात टाकली.

असं मी चार रविवार केलं. मला वाटलं होतं, काका कंटाळतील आणि आगाडी बदलतील. झालं भलतंच. गजा आठवड्याच्या इतर दिवशीही बागेला पाणी द्यायच्या आधी एकटाच डोंगर चढून येऊ लागला. टाचा फुटल्या, अंगठ्याचं नख गेलं. त्याचा बाप काकांकडं तक्रार घेऊन आला. "चेनमन, पोरगं जेवता जेवता आकडे मोजून राह्यलं. घास हातात अन् तोंडात शेहेचाळीस." काकांनी त्याला चहा पाजला. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गजा खराच सोळावाला ठरला असता आणि मी कोण ठरलो असतो हेही कळत होतं.

मे महिन्यात भरतीची चाचणी झाली. सडक सरळ, ऊन चढायच्या आत सुरुवात. शंभराच्या वर पोरं. इथं आगाडी नव्हती की पिछाडी नव्हती, काका नव्हते. इशारा झाला आणि मी जन्मात पहिल्यांदा गजाच्या पुढं गेलो. काय सांगू, पाय जमिनीला लागत नव्हते. पहिले पाच-सहा मैल मागं वळून पाहायचं आणि त्याचा सदरा लांब मागं राहिलेला पाहून आणखी लांब टांग टाकायची, एवढंच मी करत होतो. दहाव्या मैलाला पोटऱ्यांत गोळे आले. मी सडकेच्या कडेला वाकून उभा असताना गजा माझ्या बाजूनं गेला. ओठ हलत होते, नजर चार हातांवर. त्यानं मला पाहिलंसुद्धा नाही. शंभराच्या मधे असणार. तो वेळेच्या बराच आधी पोचला. मी पोचलो तेव्हा टेबल उचलत होते.

गजा ट्रेनिंगला गेला. बाकीच्यांनी पलटण सोडली. पुढच्या रविवारी कशासाठी कोण जाणे, मी चिंचेखाली गेलो. काका आलेले होते. काड्यांचा भारा त्यांच्या हातात नव्हता. मला वाटलं, आता तरी म्हणतील, हो पुढं. ते म्हणाले, "आज काड्या नाई. संगं चालू."

आम्ही नाला ओलांडून सागाच्या रानात शिरलो. आज कुणीच मोजत नव्हतं. मग चालतच म्हणाले, "ह्या वाटंचा हात न् हात माह्या साखळीखालून गेला हाये, उत्तम. सोळावा मैल कुठी येते मले डोळे झाकून समजते. तू काडी दाबली त्या दिवशीच समजलं."

माझे पाय थांबले. "मंग बोलले काहून नाही?"

तेही थांबले. पण माझ्याकडं न पाहता समोरच्या सागाकडं पाहत राहिले. "बोलाले पायजे होतं. गजाचे पाय पाह्यले का मले झोप येत नोती. पण बोललो असतो त तुले घरी धाडा लागलं असतं." मग त्यांनी सागाच्या बुंध्यावर हात टेकला. "मंग मी कोणासंग बोललो असतो?"

शरमेनं माझे कान तापले होते. त्यातलं पहिलं तेवढं मला ऐकू आलं, की यांना सगळं माहीत होतं. शेवटचं वाक्य कानावरून गेलं. मी तसाच मागं फिरलो आणि घरी आलो. त्यानंतर काका दिसले की मी वाट बदलत असे. पुढं मला मास्तरकी लागली, केनवडला नेमणूक झाली आणि गावच सुटलं. सुट्टीत आलो तर ते समोरून मोजत येताना दिसत. मी "जयभीम काका" म्हणे आणि त्यांचे शंभर पुरे व्हायच्या आत पुढच्या गल्लीत वळे. मागून त्यांचा जयभीम कुणाला मिळत असेल, याचा मी विचार केला नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात काका गेले. तार उशिरा मिळाली, मी पोचलो तो थेट जलदानविधीच्या दिवशी. वंदना झाली, जेवणं झाली. गजा खाकी वर्दीतच आला होता, दूरच्या रेंजवरून रात्रभर प्रवास करून. अंगानं भरला होता, कपाळ रापलं होतं. पंगतीत त्यानं बायाबापड्यांना पाणी वाढलं. सगळे "गजाभाऊ, गजाभाऊ" करत होते. मला वाटलं होतं एवढ्या वर्षांत माझं पोट निवलं असेल. निवलं नव्हतं. सासरहून आलेल्या काकांच्या लेकीनं शिट्टी आणून त्याच्या हातात दिली तेव्हा तर मी उठून बाहेरच आलो.

थोड्या वेळानं तो माझ्या मागोमाग चिंचेपर्यंत आला. दोघंही बुंध्याशी बसलो. तो शिट्टी या हातातून त्या हातात करत होता.

"उत्तम, एक इचारू?" तो म्हणाला. "तुमी दोघं मागं काय बोलत राहत होते बे?"

"काही नाई. असंच."

"मी पुढं एकटा. तोंडात आकडे. बोलाची सोय नाई, मागं पाहाची सोय नाई. तुमचं हसणं आलं का मोजणी चुके. दर आयतवारी वाटे, आज काका म्हणतीन, गजा, तू आज मागं ये. कधीच म्हणले नाही." त्यानं शिट्टी मांडीवर ठेवली. "मले तुहा लय राग ये."

मी त्याच्या तोंडाकडं पाहतच राहिलो. ज्या जागेसाठी मी जळलो ती जागा त्याला नको होती. त्याला माझी हवी होती. आणि ती जागा काकांनी मला चुकून दिली नव्हती. वीस वर्षं ज्या जागेवर ते स्वतः उभे होते, तिथं त्यांनी मला उभं केलं होतं आणि सहा दिवसांचं साठलेलं बोलणं सातव्या दिवशी माझ्याजवळ आणून ठेवलं होतं. सागाच्या रानात कानावरून गेलेलं ते वाक्य मला तेव्हा, चिंचेखाली, पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं. मला रडू आलं. गजाला वाटलं काकांसाठी. ते काकांसाठीच होतं.

मग मी त्याला काड्यांचं सांगितलं. चारही रविवार, सदऱ्याच्या आत, मोडून. तो ऐकत होता.

"म्हंजे गळत नोती," शेवटी तो म्हणाला.

"नाई."

"सोळाच होत्या."

"सोळाच."

"माही घरची मले हसते," तो म्हणाला. "कुलूप लावलं का मी दोनदा ओढून पाह्यतो. रेंजरसाहेबाले कागद देला तरी परत जाऊन इचारतो, पोचला ना? मले वाटे माह्या हातून गोष्टी गळतात." त्यानं दोन्ही तळहात समोर धरून पाहिले. "लय वाईट केलं बे तू."

मी हो म्हणालो. तो उठून जाईल असं मला वाटलं आणि गेला असता तर मी त्याला थांबवलंही नसतं. पण तो तसाच बसून राहिला. उन्हं कलली, गुरं परतू लागली. मग त्यानं अंग थोडं माझ्याकडं वळवलं.

"सांग आता," तो म्हणाला. "काय बोलत ते सगळं सांग. पयल्या आयतवारपासून."

मी सांगत गेलो. धुऱ्यावरचा बाप, साखळीवर बसलेले भाऊ, झाडावरचा साहेब, काकू गेली तो दिवस. मधे मधे त्याला हसू येई, मधे मधे तो नुसता मान हलवी. विहिरीवरच्या लोट्याचंही मी सांगितलं, काका त्याच्याबद्दल काय बोलले ते, जसंच्या तसं. त्यानं मांडीवरची शिट्टी उचलली. "खरं होतं त्यायचं," म्हणाला. "लोटाच मागा लागत होता." इतकं सांगत होतो तरी माझ्या मनात एक हिशेब चालूच होता, की आता माझ्याजवळ काय उरलं. एकेक काडी त्याच्या हातात जात होती. शेवटी सागाच्या रानातल्या त्या वाक्याची तेवढी एक राहिली.

गजा वाट पाहत होता. मग त्यानं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली आणि शिट्टी खिशात टाकली. मोजणी मागच्याच्या हातातली खरी, हे तो अजून मानत होता.